सावलीइतकं काळं

सून: पुन्हा चाखा.

मुलगा: चाखलं की.

सून: जिभेवर ठेवलंत आणि गिळून मोकळे झालात. नीट चाखा. हे लाल झाकणाच्या बरणीतलं आहे.

मुलगा: अगं, काळं ते काळंच. खारट, चिकट, डांबरासारखं. सकाळी सकाळी माझी कसली परीक्षा घेतेस?

सून: लाल झाकणाची बरणी कुणाची?

मुलगा: माझी. म्हणजे बाबांची, आता माझी. मांसाच्या अर्काची.

सून: आणि तपकिरी झाकणाची?

मुलगा: आईची. यीस्टच्या अर्काची, बिनमांसाची. झाले का मार्क पुरे?

सून: मग आत्ता लाल बरणीतलं चाखलंत ते मांसाचं लागलं?

मुलगा: लागलं... म्हणजे, जरा जुनं झालं असेल.

सून: जुनं नाही झालेलं. या दोन वाट्या बघा. दोन्हींत गरम पाणी घालून थोडं थोडं विरघळवलंय. या वाटीचा वास घ्या. रस्सा उकळत असल्यासारखा येतोय की नाही?

मुलगा: येतोय.

सून: ही तपकिरी झाकणाची आहे. आईंची.

मुलगा: हळू बोल. ती न्हाणीघरात आहे.

सून: नळ चालू आहे, ऐकू जाणार नाही. अहो, मी तुमच्या आईला मांस खायला घातलं. रोज. माझ्या हाताने पावाला लावून, पावाच्या कडा काढून, वर चिमटीने कोथिंबीर टाकून.

मुलगा: बस तू आधी. वाटी ठेव खाली.

सून: आज पाव भाजला म्हणून कळलं. एरवी मऊच देते. काल त्याच म्हणाल्या, आता चावता येतंय, उद्यापासून भाजून दे. तव्यावरच्या गरम पावाला काळं लावलं आणि वास असा वर आला, तुमच्या बाबांच्या पेल्यातून यायचा ना थंडीत, तसा. मी आधी मागे वळून बघितलं. वाटलं, तुम्हीच काही उकळत ठेवलंय.

मुलगा: पण झालं कसं हे?

सून: आई दवाखान्यातून घरी आल्या, त्या दिवशी झालं. बोटं सुजलेली, बाटलीच्या अरुंद तोंडात त्यांची सुरी जाईना. म्हणून मी रुंद तोंडाच्या दोन बरण्या आणल्या. त्यांची नवी बाटली बादलीत भिजवून लेबल सोललं, तुमचीही सोलली.

मुलगा: दोन्ही सोलायची काय गरज होती?

सून: या घरात नवी बाटली आली की आधी तिचं लेबल जातं, हे मला आईंनीच शिकवलंय. तुमच्या बाटलीवर बैलाचं तोंड असतं, ते त्यांना बघवत नाही. आणि त्यांच्या बाटलीवर काही नसलं तरी तीही सोलतात. म्हणतात, एकीला नेसवून दुसरीला उघडी कशी ठेवू? बोटं दुखत होती म्हणून त्यांच्या वाटचं मी सोललं. मग दोन्ही बाटल्या गरम पाण्यात उभ्या केल्या, अर्क पातळ व्हावा म्हणून. पाणी तापलेलंच होतं, म्हटलं दोन्ही एकदमच ओतून घेऊ. इतक्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. धावले. परत आले तर दोन नागड्या बाटल्या, दोन उघड्या बरण्या. उचलली आणि ओतली.

मुलगा: घाईत होतं असं. कुणाच्याही हातून होईल.

सून: माझ्या हातून नाही व्हायला पाहिजे. मी काय काम करते? इस्पितळात पथ्याची ताटं कोण लावतं? कुणाला मीठ नको, कुणाला गहू नको, कुणाला मांसाचा अंश नको. एका वेळी एकच डबा उघडायचा, तो बंद झाला की मगच दुसरा. हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. एकीने मागे विसरून दोन डबे उघडे ठेवले, तर तिला मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुझ्या घरच्या माणसाला घालशील का गं असं? रडली होती ती.

मुलगा: जाऊ दे आता. झालं ते झालं. बरण्यांची अदलाबदल कर, वाट्या धुऊन टाक. ती येईल एवढ्यात.

सून: काय म्हणालात?

मुलगा: तिला कळून काय भलं होणार आहे? आत्ता कुठे उठून बसायला लागलीय. दवाखान्यात आठव. चमचाभर पेज घशाखाली उतरत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जेवल्या नाहीत तर औषध काय करणार. आणि आता दुसरा पाव मागते. हे कळलं तर पुन्हा तोंड मिटेल तिचं. पुन्हा ते भिंतीकडे तोंड करून पडणं. तुला हवंय का ते?

सून: नको.

मुलगा: मग झालं तर.

सून: अहो, एक विचारू? तुम्हाला धक्का कसा नाही बसला?

मुलगा: बसला की.

सून: नाही बसला. मी वाटी पुढे केली तेव्हा तुम्ही पहिलं काय म्हणालात? हळू बोल. चुकून झालं का, खरंच का, काही नाही. लहानपणापासून बाबांच्या पेल्यातलं पीत आलात तुम्ही. लाल बरणीतलं पहिल्या दिवशीच तुमच्या जिभेला कळलं असेल.

मुलगा: पहिल्या दिवशी नाही.

सून: मग?

मुलगा: दोन-तीन दिवसांनी. आधी वाटलं, कंपनीनेच चव बदलली. मग एकदा तिची बरणी उघडून वास घेतला.

सून: आणि गप्प राहिलात.

मुलगा: तुला सांगणारच होतो. खरंच. स्वयंपाकघरात आलो तर ती इथे बसली होती, या स्टुलावर. तू कामावर गेलेली. ताटलीतले पावाचे कण बोटाने टिपून खात होती. लहान मुलासारखी. मला बघून म्हणाली, या खेपेचं काळं चांगलं निघालंय रे. मी काय करायला हवं होतं, सांग. हातातून ताटली काढून घ्यायची?

सून: रोज संध्याकाळी मी तुम्हाला विचारत होते, आई आज काय जेवल्या. रोज तुम्ही हसून सांगत होतात.

मुलगा: हसू येतच होतं. जेवत होती म्हणून.

सून: आणि मी खुळ्यासारखी मनात म्हणत होते, माझ्या हाताला गुण आला.

मुलगा: माझ्याकडे असं बघू नकोस.

सून: मी तुमच्याकडे बघतच नाहीये. कुठे बघावं ते कळत नाहीये मला. त्यांनी बाबांना कधी अडवलं नाही, तुम्हाला अडवलं नाही. बाबांच्या कत्तलखान्यातल्या पगारावर घर चालवलं, तुम्हाला वाढवलं, तुमची ताटं वेगळी रांधली, वाढली. मागितलं काय, तर आपल्या ताटापुरती एक गोष्ट.

मुलगा: तिने पाणी पाजलं त्या बैलाला मरून किती वर्षं झाली, अगं.

सून: बैल मेला. त्या दिवसापासून मांस न खाण्याचा त्यांनी स्वतःला दिलेला शब्द नाही ना मेला. तो मी मारला, आणि तुम्ही दारात उभं राहून बघितलंत.

(न्हाणीघरातला नळ बंद होतो.)

मुलगा: ऐक माझं. निदान आज नको. आठवडाभर जाऊ दे, अंगात जरा बळ येऊ दे तिच्या.

सून: हा पाव बाजूला ठेवला, तरी आज दुसऱ्याला काय लावू मग? तपकिरी बरणीतलं लावलं तर माहीत असून खाऊ घालते. लाल बरणीतलं लावलं तर चव लागणार नाही, त्या विचारतील, आणि मी तोंडावर खोटं बोलेन. कुठलं लावू, तुम्ही सांगा.

सासू: काय कुजबुज चाललीय नवराबायकोची? आजारी माणसाच्या घरात हळू बोलायला लागले की माणसाला वाटतं, आपला निकाल लागला.

मुलगा: काही नाही गं. बस. शाल घेतली नाहीस? चहा टाकू?

सासू: तू चहा टाकणार? मग खरंच माझा निकाल लागलेला दिसतोय. चहा राहू दे. भाजलास का गं पाव? न्हाणीघरापर्यंत दरवळ आला.

सून: भाजलाय.

सासू: मग लाव ना काळं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, सावलीइतकंच, माहीत आहे मला. मीठ जास्त व्हायला नको. पण त्यांची सावली पडते भर दुपारची, एवढीशी, माझी आपली संध्याकाळची, लांब लाव. त्या काही बघायला येत नाहीत.

सून: आई, आधी बसा.

सासू: बसलेच आहे. तुझा चेहरा का असा? सुरी खाली ठेव आधी. कामावर काही झालं का?

सून: घरी झालं. तुमच्या बरणीत मांसाचं आहे, आई.

सासू: कुठल्या बरणीत?

सून: तपकिरी झाकणाच्या. घरी आलात त्या दिवशी मी ओतताना चुकले. यीस्टचं लाल बरणीत गेलं, मांसाचं तुमच्या. मला आत्ता कळलं. तासही झाला नाही.

मुलगा: आई, तिची चूक नाही. मीच केलं ते. ती खोकल्याच्या आवाजाने तुझ्याकडे धावली ना, तेव्हा मी आत आलो आणि झाकणं लावून टाकली. उलटी लागली.

सासू: तू?

मुलगा: हो.

सासू: आयुष्यात कधी कशाला झाकण लावलंयस तू? तेलाच्या डब्यापासून दाढीच्या साबणापर्यंत तुझ्यामागे झाकणं लावत फिरले मी. लाज वाटून घ्यायचीच असेल तर खऱ्या गोष्टीची घे.

सून: खोटं कशाला बोलता हो? मीच ओतलं, आई. एकटीने.

मुलगा: आई, काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर.

सासू: तो काळं लावलेला पाव निवतोय. तू खा. टाकून देऊ नकोस.

मुलगा: मला नको.

सासू: खा म्हटलं ना. तुला चालतो. म्हणजे मी घरी आल्यापासून रोज?

सून: रोज.

सासू: आणि परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, रक्त वाढलंय, डोळे बघा कसे उजळलेत. ते यानेच का?

सून: ते नाही सांगता येत, आई. गोळ्या आहेत, सुई आहे. काळं तुम्ही लावता ते एवढंसं. त्याने इतकं होईल असं वाटत नाही. पण भूक उघडली ती कदाचित त्या चवीने. नाही, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

सासू: खरं बोललीस, बरं केलंस. आणि तू? तुला कधी कळलं?

मुलगा: मला? आत्ताच. हिने वाटी पुढे केली तेव्हा.

सासू: परत सांग. माझ्याकडे बघून.

मुलगा: आधी कळलं होतं.

सासू: कधी?

मुलगा: तू इथे बसून कण टिपत होतीस ना, त्याच्या आदल्या दिवशी.

सासू: म्हणजे मी तुला म्हणाले, या खेपेचं काळं चांगलं निघालंय, तेव्हा तुला माहीत होतं.

मुलगा: आई, तू खात होतीस. इतक्या दिवसांनी खात होतीस. माझ्याच्याने नाही झालं.

सासू: तुझे वडील कामावरून यायचे. एप्रन घडी करून हातात. उंबऱ्यापाशी थांबायचे आणि आधी सांगायचे, आज रक्त जास्त आहे, आत आणू का बाहेरच भिजवू? एकही दिवस न सांगता आत आणला नाही. मी नको म्हटलं तर स्वतः बाहेरच्या नळावर चोळत बसायचे, काळोख पडेपर्यंत. तो बैल कत्तलखान्यातून सुटून दारात आला होता तेव्हाही तेच. मी बादलीने पाणी पाजलं. माझं मनगट चाटलं त्याने, खरखरीत जीभ. मागून हे दोर घेऊन आले. मी म्हटलं, कुठे नेता? म्हणाले, तुला माहीत आहे कुठे नेतो. पोटासाठी मारायचे, पण माझ्याशी खोटं बोलले नाहीत. त्यावर आमचा संसार झाला. तुला एवढं जमू नये?

मुलगा: चुकलो.

सासू: चुकलो म्हणून घेऊन काय करू मी आता? हे भलेपणाने गप्प बसणं ना, हे मला फार जड जातं रे. माझ्यासाठी म्हणून केलेलं, आणि मलाच न विचारता.

सून: त्यांना नका बोलू, आई. मूळ चूक माझीच आहे. मी उलटी करायचं औषध आणणार होते, म्हणजे, काय बडबडतेय मी, कसलं औषध. तुम्हाला काय सांगू, कुठल्या शब्दात सांगू, हेच घोळत होतं डोक्यात. तुम्ही मला शिक्षा द्या. बोलू नका माझ्याशी. पण जेवण सोडू नका.

सासू: चूक तुझीच आहे.

सून: हो.

सासू: मी नाही म्हणत नाही त्याला. ती तुझ्यापाशी ठेव. पण माझी लाज पुसायला येऊ नकोस, ती माझ्यापाशी राहू दे.

सून: तुम्हाला कसली लाज? तुम्हाला तर माहीतच नव्हतं.

सासू: चव वेगळी लागत होती, पोरी.

मुलगा: आई.

सासू: बोलू दे. वेगळी लागत होती. पहिल्याच घासाला. गोडसर, खोल, जिभेवर रेंगाळणारी. मनात आलं, विचारावं, अगं, हे आपलंच का? शब्द ओठावर आले होते. आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू बरणी हातात घेतली असतीस, वास घेतला असतास, आणि काढून नेली असतीस. म्हणून नाही विचारलं.

सून: असं नका म्हणू.

सासू: परवा दुपारी तुम्ही दोघं नव्हता. मी उठून आले, भिंतीला धरून धरून. बरणी उघडली आणि बोट घातलं. सुरी होती बाजूला, पाव होता डब्यात. तेवढा धीर नव्हता. बोट चाटलं, पुन्हा घातलं. मग पदराने बरणीची कड पुसली, तुला कळू नये म्हणून. या वयात चोरी केली मी, सूनबाई. आणि जिभेला कशाची चटक लागली होती ते आत्ता कळलं.

मुलगा: भूक होती ती, आई. आजारातून उठलेल्या माणसाला लागते तशी. त्यात लाजण्यासारखं काय?

सासू: तू कधी शब्द दिलास का कुणाला? तुला नाही कळायचं. मी काही देवासमोर हात नव्हता ठेवला. त्या मुक्या जनावरालाही काही बोलले नव्हते. मीच मला सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला दिला असता ना शब्द, तर त्याच्या पाया पडले असते, मोकळी झाले असते. आता कुणाच्या पाया पडू? माझ्याच पडावं तर पाय सुजलेत.

सून: आई, हसू नका. मला रडू येतंय.

सासू: मग रड. मलाही येईल, पण तुझं होऊ दे आधी. स्वयंपाकघर एवढंसं आहे.

सून: आज कामावर जायला पाय उचलत नाहीत माझे. मी बघितल्याशिवाय तिथे एक ताट हलत नाही. कुठल्या तोंडाने बघू? त्या मुलीला काय सांगू, जिला रडवलं होतं?

सासू: जे झालं ते सांग. तिच्याशी आधी बोल, मग ताटांना हात लाव. पण जायचं. तू घरी रडत बसलीस म्हणून तिथल्या माणसांचं पथ्य थांबतंय थोडंच?

सून: आणि इथे?

सासू: इथे काय?

सून: आजपासून मी तुमच्या खाण्याला हात लावणार नाही. तुमची नवी बाटली आणते, सील तुम्हीच फोडा. नाही फुटलं तर शेजारच्या काकूंना बोलवा. भाजी तुमच्या डोळ्यांसमोर ठेवते, पीठ ठेवते, तुम्ही सांगाल तसं त्या करून देतील. माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणायचं तोंड नाही मला.

मुलगा: तिला उभं राहवत नाही, आणि ती रांधणार?

सून: मग तुम्ही रांधा. मी नाही.

सासू: झालं तुझं बोलून?

सून: झालं.

सासू: आता माझं ऐक. मी आज तुझ्या हातचं खाल्लं नाही, तर उद्याही खाववणार नाही. परवा तर मुळीच नाही. मी ओळखते मला. एकदा तोंड फिरवलं की फिरवलं, आणि ते काही माझ्यासाठी चांगलं नाही. मग तू ताट घेऊन येशील आणि मी ताटाकडे न बघता तुझ्या बोटांकडे बघत बसेन. तसं जगायचं का आपण दोघींनी?

सून: मला भीती वाटते, आई.

सासू: मलाही वाटते. म्हणून तर आज.

मुलगा: मी जाऊ का बाहेर?

सासू: बस तिथेच. खा तो पाव. खाली बघून खा हवं तर. सूनबाई, तोंड धू. हात धू. कालची मुगाची डाळ आहे ना?

सून: आहे. नुसती डाळ, मीठ बेताचं, एक चमचा तेल. बाकी काही नाही त्यात.

सासू: मी विचारलं का?

सून: नाही.

सासू: मग ऊन कर आणि वाढ. माझ्याकडे बघत उभी राहू नकोस. भूक लागलीय मला.